पायाचं माप

माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायचं असतं हे आमच्या साहेबाला कोणी शिकवलं नव्हतं. तो बघायचा पायांकडे. सौदीतल्या अबकैकला पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा अंगात नवा शर्ट होता, केस तेल लावून चापून बसवले होते आणि खिशात आईने दिलेला देवीचा अंगारा होता. साहेबाने यातलं काही पाहिलं नाही. तो टेबलावरून वाकला, माझे पाय नीट न्याहाळले आणि म्हणाला, "साडेसात." ते त्याने कागदावर लिहून घेतलं. मग विचारलं, "नाव काय?"

तो आमच्या कॅम्पचा सुपरिंटेंडेंट होता. कोण कुठल्या केबिनमध्ये झोपणार, कुणाच्या एसीतून पाणी गळतंय, मेसमधली डाळ एवढी पातळ का, कुणाला कुठले सेफ्टी शूज द्यायचे, सगळं त्याच्या हातात. पासपोर्ट अमेरिकेचा, पण इंग्रजी काही अमेरिकन वाटायचं नाही. प्रत्येक 'र' तो घशातून खरवडून काढायचा. पंचेचाळिशीचा असेल. ताडमाड उंच, आणि पँट नेहमी चार बोटं आखूड, कारण बूट दिसले पाहिजेत असं त्याचं म्हणणं. तेलाच्या पैशाला ऐन भरती आली होती ती वर्षं. वाळूत रोज नवी टाकी, नवा पाइप, नवा कॅम्प उभा राहायचा आणि आमच्यासारखे फिटर, वेल्डर, रिगर विमानं भरभरून उतरायचे. एवढ्या माणसांची नावं कोण लक्षात ठेवणार? गेटवर, मेसमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे बॅज नंबर. माझा चार आकडी नंबर आजही झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन.

साहेबाला मात्र बॅज नंबरचं वावडं होतं. कोणी तो सांगायला लागलं की हात हलवून गप्प करायचा. नावं त्याला उच्चारता येत नव्हती, म्हणून तो माणसांना बुटाच्या मापाने हाक मारायचा, आधी अरबी 'यल्ला', म्हणजे चल, आणि मग माप. "यल्ला, नऊ, तुझा एसी झाला. सहा, तुझं पत्र आलंय." स्टोअरमधल्या हैदराबादच्या माणसाकडून त्याने हिंदी आकडे शिकून घेतले होते. त्यातलं 'साडे' त्याला इतकं आवडलं की माझ्यावर त्याचा विशेष लोभ जडला. भर मेसमध्ये "ए साडेसात!" अशी हाक यायची आणि आमची कोकणातली मंडळी ताटात तोंड खुपसून हसायची.

मेसचा आचारी दाऊदभाई दापोलीकडचा. मला धाकट्या भावाच्या जागी मानायचा, म्हणून टिंगल करायचा पहिला हक्क त्याचा. "दर्या ओलांडून आलास," तो म्हणाला, "पन साडेसाती काय तुला सोडीत नाय रे बाबा."

मी देवभोळा नाही. पण रोज दहा वेळा साडेसातीच्या नावाने हाक ऐकायची म्हणजे माणसाच्या मनात शंका येतेच. शेवटी मी साहेबाकडे जाऊन सांगितलं, मला आठ नंबरचे बूट द्या. त्याने दिले. पंधरा दिवसांत माझ्या दोन्ही टाचांना फोड आले आणि मी लंगडत परत गेलो. साहेबाने साडेसातचा जोड टेबलावर काढूनच ठेवला होता. "ऐक," तो म्हणाला. (त्याचं इंग्रजी मी माझ्या मराठीत सांगतोय.) "माणसाने धर्माबद्दल खोटं बोललेलं एक वेळ चालतं. पायाबद्दल नाही. पाय चुगली करतो." आम्ही हे वाक्य पुढे वर्षभर एकमेकांना ऐकवून हसत होतो.

त्याची दुसरी तऱ्हा शनिवारची. तिकडे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे शनिवारी कामाची ही गर्दी. आणि नेमका शनिवारी साहेब सही करायचा नाही. कधी पेन सुकलेलं असे, कधी बोट दुखत असे, कधी चष्मा सापडत नसे. बाकी दिवसभर कॅम्पभर हिंडून नळ पिळून बघेल, गाद्या उचलून बघेल, पण कागदावर एक रेघ ओढणार नाही. आमच्या लोकांनी याचा अर्थ आपल्या परीने लावला. साहेब शनी पाळतो! संगमेश्वरच्या एका सुताराने त्याला तेलाची बाटली नेऊन दिली आणि दर शनिवारी मारुतीला घालायला सांगितलं. अबकैकला मारुती कुठून आणायचा ते काही सांगितलं नाही. साहेबाने बाटली आदराने ठेवून घेतली आणि ऑफिसच्या दाराच्या बिजागऱ्यांना ते तेल घातलं. त्या आधी ते दार फार करकरायचं.

आता मुद्द्याचं सांगतो. मी गावाहून निघालो तेव्हा माझ्या लग्नाला बावीस दिवस झाले होते. सुमनला मी धड ओळखतही नव्हतो. मागून पत्र आलं की दिवस गेलेत, मग पत्र आलं की मुलगी झाली. दोन वर्षांनी रजा मिळत होती, ती मी घेतली नाही. कारण त्याच सुमारास बातमी आली की कंपनी टेक्निशियन लोकांसाठी बारा फॅमिली क्वार्टर बांधते आहे, आणि रजेवर जाणाऱ्याचं नाव यादीतून जाणार. पंचेचाळीस अर्ज, बारा घरं. घरी पोरीला शब्द फुटायला लागले होते. पत्र घेऊन पोस्टमन अंगणात आला की सगळे तिला म्हणायचे, बाबांचं पत्र आलं बरं का. तिने त्याचा सोपा अर्थ घेतला आणि पोस्टमनलाच 'बाबा' म्हणू लागली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे गंमत म्हणून लिहिलं होतं. मी ते पत्र खिशात घालून दिवसभर चुकीचे व्हॉल्व्ह उघडत होतो.

क्वार्टरचे अर्ज साहेबाकडे होते. एकेकाला आत बोलावत होता. माझी पाळी आली तेव्हा अर्जावर नजर टाकून त्याने हिंदी-इंग्रजी मिसळून विचारलं, "वाइफ का नंबर?"

मी म्हटलं, "वन, सर."

साहेबाने प्रथमच माझ्या तोंडाकडे बघितलं. "वन?"

"ओन्ली वन, सर. मी हिंदू आहे."

"नंबर! नंबर!" तो उठून उभा राहिला आणि जमिनीवर पाय आपटायला लागला. मला वाटलं, चिडला. मग तो स्वतःच्या बुटाकडे बोट दाखवायला लागला तेव्हा उजेड पडला. बायकोच्या पायाचं माप विचारत होता.

मला सुमनचं गोत्र माहीत होतं, रास माहीत होती, तिच्या मामाचा आंब्याचा धंदा किती कलमांवर चालतो तेही माहीत होतं. पाय मी बघितले नव्हते. बघितले असतील तर लग्नात, सप्तपदीला, पण तेव्हा फोटोग्राफर म्हणत होता इकडे बघा. मी ठोकून दिलं, "सहा."

"अंदाजाने सांगतोस," साहेब म्हणाला आणि अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. "नंबर घेऊन ये. नंबर नाही, घर नाही. खलास."

बाहेर येऊन मी त्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. माझ्या एकट्याचीच नव्हे, जवळजवळ सगळ्यांची तीच गत झाली होती. पंचेचाळीस नवरे, आणि बायकोच्या पायाचं माप सांगता आलं दोघांना. त्यातला एक गावी चपलांच्या दुकानात कामाला होता. दाऊदभाई म्हणाला, "या साहेबाचा कायतरी ढिला हाय. पन लिव बाबा, लिव पत्र. येड्याच्या हातात किल्ली हाय."

पत्र लिहायला बसलो आणि अडलो. त्या काळी आमच्याकडे पत्र वडिलांच्या नावाने जायचं आणि ओटीवर मोठ्याने वाचलं जायचं. बायकोला निरोप शेवटच्या ओळीत, तोही 'मंडळींना कुशल सांगा' एवढाच. आबांना कसं लिहायचं की सुमनच्या पायाचं माप घ्या? मला लाज वाटली. मी सुमनचं नाव गाळलं. तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार वगैरे घालून लिहिलं, 'घराचं काम अडलं आहे. पायाचं माप ताबडतोब कळवावे. त्यावाचून घर होणार नाही.'

जायला तीन आठवडे, यायला तीन. तेवढ्यात अकरा क्वार्टर गेली. ज्यांच्या बायका शहरात होत्या त्यांनी ट्रंक कॉल लावून नंबर मिळवले. एक क्वार्टर उरलं, बारावं, आणि मी रोज मेसच्या पत्रांच्या खोक्यात हात घालत होतो.

आबांचं पत्र आलं. ते असं: 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र वाचून तुझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. परमेश्वराने तुला बुद्धी दिली. गवंडी बोलावून परसातल्या जागेत दोरी लावून घेतली. पायाचे माप लांबी बत्तीस फूट, रुंदी एकवीस फूट. चिरा जवळच्याच खाणीचा घेत आहे. तुझी वाट न पाहता खोदाई सुरू केली आहे.'

आबांचं काही चुकलं नव्हतं. पाय म्हणा की घराचा पाया म्हणा, माप मागताना मराठीत दोन्हीचं 'पायाचं'च होतं, आणि गल्फला गेलेला मुलगा घराबद्दल लिहितो ते कशाबद्दल लिहिणार? पण माझ्या हातात दुसरं काही नव्हतं आणि दुसऱ्या पत्राला आणखी सहा आठवडे. मी ते पत्र घेऊन साहेबाकडे गेलो. त्या दिवशी वाळूचं वादळ होतं, साइट बंद होती, आणि साहेब ऑफिसात एकटाच बूट पॉलिश करत बसला होता.

"नंबर?" त्याने विचारलं.

मी खाली मान घालून म्हटलं, "थर्टी-टू बाय ट्वेंटी-वन, सर."

"इंच?"

"फीट, सर."

साहेबाने ब्रश खाली ठेवला. "तुझ्या बायकोचा पाय बत्तीस फूट लांब आहे?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. आबा, लाज, गाळलेलं नाव, पाय आणि पाया, गवंडी, खोदाई. साहेब आधी नाकातून हसला, मग पोटातून. टेबलावर डोकं ठेवून हसला. चष्मा काढून डोळे पुसले, परत "थर्टी-टू फीट" म्हणाला आणि परत हसला. मला रडू यायच्या बेतात होतं. ते त्याला दिसलं असावं, कारण तो एकदम थांबला, पलीकडची खुर्ची ढकलली आणि मला बसायला सांगितलं. साहेबासमोर मी प्रथमच बसलो.

"मी असाच एका कॅम्पात वाढलो," तो म्हणाला.

मी विचारलं, "कुठल्या कंपनीच्या?"

"कंपनी नव्हती. जर्मनीतला. लढाई संपल्यावर छळछावण्यांतून जे उरले त्यांना ठेवायचा. मी नऊ वर्षांचा होतो. बाप गेला होता, धाकटी बहीण गेली होती. आई आणि मी उरलो." तो बुटाची नाडी ओवत बोलत होता. "लष्कराच्या बराकी. एका खोलीत तीन कुटुंबं, मध्ये ब्लँकेट टांगलेली. आणि लग्नांची काय घाई, साडेसात! सोमवारी ओळख, रविवारी लग्न. याची बायको गेलेली, तिचा नवरा गेलेला, दोघांची पोरं गेलेली. कुणी पत्रिका बघत नव्हतं. बघायला माणसंच नव्हती."

त्याने सांगितलं, त्या सगळ्या कॅम्पात नवरीचे पांढरे बूट म्हणून एकच जोड होता. ज्या दिवशी जिचं लग्न, त्या दिवशी तो तिच्या पायांत. कुणाला मोठा व्हायचा, कुणाला लागायचा. कॅम्पात एक चांभारकाम करणारा माणूस होता. तो लहान पायवालीला पुढे कापूस कोंबून द्यायचा आणि मोठ्या पायवालीला सांगायचा, हळू चाल. त्याचीही बायको आणि दोन मुलं गेली होती. एकदा साहेबाची आई त्याच्यापुढून गेली. तिच्या पायांत सैनिकाचे बूट होते, दोन्ही डाव्या पायाचे. त्याने तिला हाक मारून विचारलं, "बाई, नंबर काय तुमचा?"

"आई घाबरली," साहेब म्हणाला. "तिला इतकी वर्षं सगळ्यांनी नंबरच विचारला होता. गेटवर, रांगेत, जेवताना. ती तोच नंबर सांगायला लागली. तो म्हणाला, तो नको. पायाचा सांगा. आईला आठवेचना. मग म्हणाली, लढाईच्या आधी एकोणचाळीस होता. आणि हसायला लागली. मी तिला किती दिवसांनी हसताना बघितलं."

तीन आठवड्यांनी त्यांचं लग्न झालं. त्याने तिच्यासाठी तंबूच्या कापडाचे आणि जीपच्या टायरचे बूट शिवले, तिच्या मापाचे. सगळ्या कॅम्पात स्वतःच्या मापात उभी राहिलेली नवरी ती एकटी. लग्नानंतर खोलीत आले तेव्हा त्याने ते बूट ब्लँकेटच्या खाली, बाहेरच्या बाजूला जोडून ठेवले. "भिंत नव्हती, दार नव्हतं," साहेब म्हणाला. "पण तिथे बूट आहेत म्हटल्यावर लोक ब्लँकेट सरकवायच्या आधी विचारायला लागले. घर तिथून सुरू झालं."

वारा पत्र्यावर वाळू मारत होता. मग त्याने सांगितलं, "आम्ही ज्यू. इथे यायच्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना होता. मी बायकोचा धर्म लिहिला. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवतो, तिचा एक शब्द घेतला तर काय बिघडलं? पण कुणाला कळलं तर इथे राहायचा परवाना, इकामा, खलास. आता तुला कळलंय."

मला शनिवारचं कोडं उलगडलं. शनिवार हा ज्यूंचा पवित्र वार, आणि त्याच्या आईचा नियम होता, शनिवारी लिहायचं नाही. बाकी नियम त्याने कधीच सोडले होते, हा एवढा राहिला होता. मी म्हटलं, "साहेब, आमच्या कोकणात तुमची माणसं आहेत. अलिबागकडे. मराठी बोलतात, आमच्यासारखेच मासे खातात. पूर्वी तेलाचा घाणा चालवायची आणि शनिवारी बंद ठेवायची. लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे."

त्याने ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. शनवार म्हणजे काय, तेली म्हणजे काय. मग खिडकीबाहेर, त्या वाळूमागे जळणाऱ्या गॅसच्या ज्योतीकडे बघत म्हणाला, "तेल आणि शनिवार. म्हणजे मी धंदा बदललाच नाही."

मी निघालो तेव्हा तो पुन्हा साहेब झाला. "बायकोच्या पायाचं माप बापाला विचारतोस? लिही तिला. तिच्या नावाने लिही. क्वार्टर बाराचा संडास बिघडलाय, दोन महिने तरी कुणाला देता येणार नाही."

संडास अजिबात बिघडला नव्हता. अल्-खोबरच्या हेड ऑफिसमधून माणूस तपासायला आला तेव्हा त्याला तो बिघडलेला नव्हे, नसलेलाच आढळला. साहेबाने कमोड उचकटून आणून स्वतःच्या ऑफिसात ठेवला होता. सात आठवडे तो तिथे होता, वर फायलींचा गठ्ठा. आलेल्या माणसांना साहेब गंभीर तोंडाने सांगायचा की पार्ट बाहेरून यायचाय. मी दर वेळी दुसरीकडे बघायचो, कारण तो पार्ट कोकणातून येणार होता.

सुमनच्या नावाने मी आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं. उत्तर आलं ते जाड पाकिटात. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने काढलेलं पाऊल, रुंद, अंगठा जरा बाहेर गेलेला. त्याच्या कडेला दुसरं एक, माझ्या तळहाताएवढंही नाही. खाली लिहिलं होतं: 'पोस्टमननी पत्र माझ्या हातात दिलं म्हणून आबा दोन दिवस बोलले नाहीत. पाया खणून झाला आहे, आता म्हणतात बुजवणार नाही. मी कागदावर उभी राहिले तर छकूने पण पाय ठेवला, तो पुसला नाही. दोन वर्षांत तुम्ही मला नीट राहा आणि आईंना जप एवढंच सांगितलंत. माझं काही विचारलं नव्हतंत. वाचून आधी रडू आलं, मग हसू आलं. बायकोचे पाय कुणी विचारतं का?'

साहेबाने तो कागद दोन्ही हातांत धरला. पेन काढून माझ्या अर्जावर सही केली. मग मला आठवलं, तो दिवस शनिवारचा होता. मी बोलून गेलो, "साहेब, आज..." तो म्हणाला, "आई रागावणार नाही."

सुमन आणि छकू आल्या तेव्हा क्वार्टर बाराच्या दारात, पायपुसण्याच्या शेजारी, दोन जोड मांडून ठेवलेले होते. एक मोठा, एक चिमुकला. कतीफच्या बाजारात आम्ही गुरुवारी मासळीला जायचो, तिथल्या एका म्हाताऱ्या चांभाराकडून साहेबाने त्या कागदावरून शिवून आणले होते. बाकी अकरा दारांतही त्याने एकेक जोड ठेवला होता म्हणे. त्या बायकांना वाटलं कंपनीकडून. सुमनने पाय घातला. बरोबर बसला, अंगठ्याजवळसुद्धा. ती माझ्याकडे बघून हसली आणि मला एकदम कळलं की ही माझी बायको आहे.

छकू मात्र माझ्याकडे येईना. मी हात पुढे केले की आईच्या पदरात शिरायची. तेवढ्यात साहेब आला, हातात सामानाच्या यादीचे कागद. कागद बघताच ती पुढे झाली आणि स्वच्छ म्हणाली, "बाबा!" कागद आणतो तो बाबा, हा तिचा हिशोब पक्का होता. सुमनने तोंडाला पदर लावला. मीही हसलो, कसाबसा. इतका खटाटोप करून पोर आणली, आणि पहिली हाक गेली दुसऱ्यालाच.

साहेबाने 'बाबा' म्हणजे काय ते मला विचारलं. मी सांगितलं. तो तसाच जमिनीवर मांडी ठोकून बसला, छकूला जवळ घेतलं, माझ्या बुटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "साडेसात." ती बघत राहिली. तो पुन्हा म्हणाला, "साडेसात." तिने माझ्या बुटावर हात आपटला. "शाडेशात!" आणि खदखदून हसली.

मी त्याला गेटपर्यंत सोडायला गेलो. तो म्हणाला, "मीही त्या चांभाराला बाप म्हणायला तयार नव्हतो. माझा बाप वेगळा होता. तो म्हणाला, नको म्हणूस. माझा नंबर बेचाळीस आहे, बेचाळीस म्हण. जन्मभर मी त्याला बेचाळीस म्हटलं. जर्मनीत, जहाजावर, अमेरिकेत."

मी विचारलं, "मग बाप कधी म्हटलंत?"

"दगडावर," साहेब म्हणाला. "तो गेल्यावर. कबरीवर काय लिहायचं असं दगडवाल्याने विचारलं तेव्हा." थोडं चालून मग म्हणाला, "त्याने कधी मागितलं नाही. तूही मागू नकोस."

पुढच्या वर्षी साहेब रजेवर गेला तो परत आला नाही. कुणी म्हणे इकाम्याची भानगड झाली, कुणी म्हणे बायकोने बोलावून घेतलं. मी कुणाला काही बोललो नाही, दाऊदभाईलासुद्धा नाही. निघताना साहेब क्वार्टरवर आला होता. हात मिळवला, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "उजवी टाच झिजलीय. बदलून घे." त्याच्या जागी आलेला माणूस फार सभ्य होता. तो तोंडाकडे बघून बॅज नंबर विचारायचा.

आबांनी खणलेल्या बत्तीस बाय एकवीसच्या पायावरच पुढे घर बांधलं. सुमनला मी अजून चिडवतो, तुझ्या पायावर उभं आहे म्हणून. छकू मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. लोकांना सांगताना ती 'आमचे वडील' म्हणते. पण मला हाक मारायची तर साडेसात. फोनवर साडेसात, मांडवात साडेसात, जावयासमोर साडेसात. गावातल्या जोशीकाकांनी तिला बजावून पाहिलं की बापाला असं म्हणू नये, ग्रह बरा नाही. मला त्या हाकेची इतकी सवय झाली होती की दुसरी कधी हवीशी वाटली होती हेही मी विसरलो होतो. साहेबाची गोष्ट मी तिला कितीदा सांगितली असेल. ती तिला दगडासकट पाठ आहे.

गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखायला लागलं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दुपारी छकू पुण्याहून गाडी हाकत आली. मी डोळे मिटून पडलो होतो. नर्सने फॉर्म भरताना तिला विचारलं, "पेशंट तुमचे कोण?"

छकू म्हणाली, "बाबा. माझे बाबा आहेत."

डोळ्यांपुढे साहेबाचा तो दगड उभा राहिला. म्हटलं, आली वाटतं वेळ. मी डोळे उघडून तिचा हात धरला. "छकू, डॉक्टर काय म्हणाले? खरं सांग."

"काही नाही झालेलं. परवा घरी जायचंय."

"मग बाबा का म्हणालीस?"

तिला आधी कळेना. मग कळलं. ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. खाली वाकून तिने कॉटखाली कशाही सारलेल्या माझ्या चपला बाहेर काढल्या आणि दाराच्या दिशेने नीट जोडून ठेवल्या.

"फॉर्मवर कसं लिहिणार, साडेसात?" ती म्हणाली. "झोपा आता."